चिऱ्यावरचा चुना

एका देशाची बांधणी दुसऱ्या देशात गेली, की तिला प्रथम तेथील दगडाशी, पावसाशी आणि कारागिराच्या हाताशी जमवून घ्यावे लागते. नकाशा परक्याचा असला तरी भिंत उभी राहते ती स्थानिक गवंड्याच्या ओळंब्यावर. दक्षिण कोरियातील इक्सान येथे नाबावी नावाचे एक जुने कॅथलिक चर्च आहे. कोरियाचे पहिले स्वदेशी धर्मगुरू किम दे-गन हे १८४५ मध्ये ज्या परिसरात नावेतून उतरले, तेथेच ते १९०६ साली उभारले गेले. आरंभी ती लाकडी इमारत होती आणि छप्पर कोरियन घरांसारखे कौलारू होते. पुढे १९१६ मध्ये लाकडी भिंतींच्या जागी विटांच्या भिंती आल्या आणि दर्शनी बाजूस युरोपीय धाटणीचा घंटामनोरा चढला. आत मधोमध खांबांची एक रांग आहे. तिच्या एका बाजूस पुरुष बसत आणि दुसऱ्या बाजूस स्त्रिया, कारण त्या काळच्या कोरियन समाजाची रीतच तशी होती. आपल्या उपाश्रयातील व्याख्यानात बंधू एकीकडे आणि भगिनी दुसरीकडे बसतात. त्यामुळे ही व्यवस्था वाचकांना परकी वाटण्याचे कारण नाही.

असा मेळ पाहण्यासाठी कोरियापर्यंत जाण्याची मात्र गरज नाही. महाड आणि पोलादपूर ओलांडून दक्षिणेस जाणारा महामार्ग सुमारे चारशे किलोमीटरवर पणजीला पोहोचतो, आणि पणजीपासून जवळच मांडवी नदीच्या काठी जुने गोवे आहे. तेथील चर्च आणि मठांच्या समूहाला युनेस्कोने १९८६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्यापैकी पुष्कळजण लग्नकार्यासाठी किंवा व्यापाराच्या निमित्ताने गोव्यास जातात, वाटेत मोटार थांबवून या वास्तूंसमोर छायाचित्र काढतात आणि पुढे निघतात. महाडचे एक व्यापारी कुटुंबही एरवी तसेच पुढे निघून गेले असते. परंतु त्या वर्षी त्यांच्या घरात एका भिंतीचा प्रश्न अडकून पडला होता.

महाडच्या बाजारपेठेत या कुटुंबाचे कापडाचे दुकान आहे. खाली दुकान, मागे कोठार आणि वर राहते घर. जोते काळ्या दगडाचे, त्यावरील भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, छपरावर मंगलोरी कौले. घर आजोबांनी बांधले आणि आज ते दोघा भावांच्या नावावर आहे. थोरल्यांना सारी पेठ बाबूजी म्हणते. धाकटे काका पोलादपुरास किराणा मालाचा व्यापार करतात. जुलै २०२१ च्या महापुरात सावित्रीचे पाणी दुकानात माणसाच्या डोक्याच्या वर चढले. त्याच आठवड्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि त्या दुःखापुढे कापडाच्या गठ्ठ्यांचे दुःख कोणी बोलूनही दाखवले नाही. चिखल उपसला, दुकान पुन्हा लागले. परंतु भिंती वाळल्या नाहीत. पंचवीस वर्षांपूर्वी चिऱ्यावर केलेला सिमेंटचा गिलावा फुगू लागला, त्याचे पापुद्रे पडू लागले आणि प्रत्येक पावसाळ्यात ओलीची रेषा वीतभर वर सरकू लागली.

उपाय तीन निघाले आणि तिन्ही घरातूनच निघाले. काकांचे म्हणणे होते की घर पाडावे, खांबांवर सिमेंट-काँक्रीटची तीन मजली इमारत उभारावी आणि दोन्ही भावांचे हिस्से तेव्हाच वेगळे करून टाकावेत. बाबूजींच्या मुलाला घर राखायचे होते. परंतु त्याच्या मते सगळा गिलावा खरवडून काढावा आणि लाल चिरा उघडा ठेवावा. पुण्या-मुंबईच्या दुकानांतून अशा उघड्या दगडाच्या भिंतींना हल्ली मोठा मान आहे, आणि ग्राहकालाही जुन्या पेढीचा भरवसा वाटतो, असा त्याचा हिशेब होता. बाबूजींना पाडायचे नव्हते आणि उघडेही टाकायचे नव्हते. पण तिसरे काय करायचे, हे त्यांनाही सांगता येत नव्हते. दोन दिवाळ्या अशाच गेल्या. हिस्स्याचा विषय निघाल्यापासून काकांचे महाडला येणे कमी झाले. घरातल्या स्त्रियांना भिंतीपेक्षा त्याचीच काळजी अधिक होती.

चातुर्मास संपल्यावर पौषात मडगावला भाचीचे लग्न निघाले. सूनबाईने पुढाकार घेऊन दोन्ही घरांची मंडळी एकाच मोठ्या गाडीत बसवली. खाखरे, थेपले आणि कोरडा नाश्ता डब्यांत भरला, सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे असा मुक्काम ठरवला आणि लग्नाच्या आदल्या दिवशी जुने गोवे पाहून पुढे जायचे असे तिनेच सुचवले.

पोलादपूर सोडल्यावर कशेडीच्या चढणीलाच काकांनी आपली नापसंती व्यक्त केली.

“देवळं पाडून बांधलेल्या त्या इमारती. आपण तिथं जाऊन काय पाहायचं?”

बाबूजी काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “खातं वाचायचं तर दोन्ही बाजू वाचाव्या लागतात. नुसती नावे बाजू पाहून ताळेबंद होत नाही. दुसऱ्याची पेढी पाहिल्यानं आपली वही बाटत नाही.”

काकांचा आक्षेप खोटा नव्हता. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवे घेतले. पुढे सोळाव्या शतकाच्या मध्यापासून तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या भागांतील देवळे पाडण्यात आली. कुशस्थळीचे मंगेशाचे दैवत १५६० मध्ये भक्तांनी नदीपलीकडे प्रियोळास नेले. केळशीची शांतादुर्गाही अशीच कवळ्यास गेली. तो फोंड्याचा मुलूख तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता. म्हणजे परधर्मीय सुलतानाच्या राज्यात या देवांना आसरा मिळाला. इतिहासाची ही पाने चर्चच्या सौंदर्याखाली झाकून टाकणे योग्य नव्हे. परंतु त्याच पानांच्या पाठीमागे आणखी एक नोंद आहे, आणि ती कारागिरांची आहे.

गोव्यातील धर्मसभेने १५६७ मध्ये असा निर्बंध घातला होता की ख्रिस्ती लोकांनी आपल्या पूजेच्या मूर्ती आणि चित्रे हिंदू कारागिरांकडून करवून घेऊ नयेत. असा निर्बंध घालावा लागतो तो ते काम सर्रास चालत असेल तेव्हाच. युरोपातून पाद्री आले, नकाशे आले, ग्रंथांतील चित्रे आली. परंतु दगड तासणारे, लाकूड कोरणारे आणि चांदी ठोकणारे हात इथलेच होते. त्या हातांनी आपली सवय सोडली नाही. म्हणून गोव्यातील जुन्या चर्चमधील काही व्यासपीठांना नागिणी आधार देताना दिसतात, आणि देवदूतांच्या भोवतीची वेलबुट्टी देवळाच्या चौकटीवरील वेलींची बहीण वाटते.

मंडळी प्रथम बॉम जेझू बॅसिलिकेसमोर उतरली. हिचा पाया नोव्हेंबर १५९४ मध्ये घातला गेला आणि मे १६०५ मध्ये ती उपासनेस खुली झाली. दर्शनी भाग तीन मजल्यांचा असून त्यावर निमुळता होत गेलेला नक्षीदार शिरोभाग आहे. स्तंभांची रचना सर्वस्वी युरोपीय ग्रंथांतील आहे. पण भिंतींचा लाल दगड म्हणजे गोव्याचाच जांभा, आणि स्तंभ, चौकटी व नक्षी यांसाठी वापरलेला काळा दगड समुद्रमार्गे थेट वसईहून आणलेला. रोमचा नकाशा, गोव्याचा जांभा आणि वसईचा काळा दगड, अशा तीन ठिकाणच्या भांडवलावर ही वास्तू उभी आहे. महाडच्या घराचे जोते काळ्या दगडाचे आणि वरच्या भिंती चिऱ्याच्या. त्यामुळे मुलगा तिच्यासमोर उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा उजळला.

“हेच मी म्हणत होतो. बघा, चिरा उघडा आहे आणि किती शोभतो!”

काका आत जायला तयार नव्हते. ते बाहेरच्या बाजूने भिंतीच्या कडेकडेने चालत राहिले. बाकीची मंडळी आत गेली. दारापाशी सूनबाईने सवयीने चपला काढल्या. झाडू मारणाऱ्या एका वृद्ध बाईने हसून सांगितले की चपला असल्या तरी चालतात. तरीही सूनबाई अनवाणीच आत गेली.

आत उजव्या अंगाला संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी आहे. झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर मरण पावले आणि १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्यात आणला गेला. समाधीचा संगमरवरी चौथरा तस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोझिमो यांनी दिलेला. फ्लॉरेन्सचे शिल्पकार फोग्गिनी यांनी तो घडवला आणि १६९८ मध्ये येथे बसवण्यात आला. त्या संगमरवराच्या वर चांदीची पेटी ठेवलेली आहे, ती मात्र त्याआधी सुमारे साठ वर्षे, १६३६-३७ च्या सुमारास, गोव्याच्या सोनारांनी घडवली. खाली इटलीचा संगमरवर आणि वर गोव्याची चांदी. चांदीचा व्यवहार जाणणारे बाबूजी ती पेटी बराच वेळ न्याहाळत राहिले. अंगावर दिसणारे ठोकीव काम, कप्प्याकप्प्यांतील प्रसंग आणि त्यांभोवतीची बारीक नक्षी पाहून ते मुलाला हळूच म्हणाले, “आपल्या जुन्या चांदीच्या कामात असाच हात असतो. सोनारानं गिऱ्हाईक बदललं, हात नाही बदलला.”

बाहेर आल्यावर काका भिंतीपाशी थांबलेले दिसले. त्यांचा उजवा तळवा तांबूस झाला होता. त्यांनी भिंतीवरून नुसता हात फिरवला होता आणि तेवढ्याने दगडाची भुकटी हाताला लागली होती. लहानपणी महाडचे घर दुरुस्त होत असताना गवंड्याच्या हाताखाली खेळत मोठे झालेले ते गृहस्थ. किराण्यात उभी हयात गेली तरी दगडाची ओळख विसरले नव्हते.

“हा दगड झिजतोय,” ते म्हणाले. “याच्या अंगावर काहीतरी होतं. कुणीतरी काढलंय.”

त्यांचा अंदाज बरोबर होता. मूळ बॅसिलिकेच्या जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. विसाव्या शतकाच्या मध्यास, पोर्तुगीज राजवटीतच, वास्तूचे जुनेपण उठून दिसावे म्हणून तो उतरवण्यात आला. आज पर्यटकांच्या मनात जी लाल बॅसिलिका आहे ती अशी जेमतेम सत्तर-पंचाहत्तर वर्षांची. त्याआधीची साडेतीनशे वर्षे तिने चुन्याचे वस्त्र पांघरले होते. २०२० मध्ये तेथील प्रमुख धर्मगुरूंनी भिंतींना पुन्हा गिलावा करावा असे जाहीरपणे मांडले. लोकांना लाल रूपाची सवय झाली असल्याने त्यावर एकमत होणे सोपे नाही. पण दगडाला लोकांच्या सवयीशी कर्तव्य नसते.

जांभ्याचा स्वभाव येथे थोडा समजून घेतला पाहिजे. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८०७ मध्ये मलबारातील या दगडाला जे लॅटिन नाव दिले त्याचा अर्थच वीट असा आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीने आणि टिकावाने चौकोनी चिरे पाडता येतात. हवा लागली की तो कठीण होतो. म्हणून कोकणात, गोव्यात आणि केरळात घर बांधण्यास यासारखा सोयीचा दगड नाही. परंतु त्याच्या अंगात बारीक पोकळ्या असतात. कोकणच्या मुसळधार पावसात उघडा चिरा पाणी पितो, उन्हात ते सोडतो, आणि या घेण्यासोडण्यात दर वर्षी थोडा थोडा विरत जातो. चुन्याचा गिलावा त्याला पावसापासून सांभाळतो आणि आतील ओल बाहेरही पडू देतो. सिमेंटचा गिलावा त्याच्या उलट वागतो. तो बाहेरचे पाणी अडवतो खरे, पण जमिनीतून किंवा पुरातून आत शिरलेली ओल बाहेर पडू देत नाही. मग ओल वरच्या दिशेने वाट काढते आणि शेवटी गिलाव्यालाच फोडते. महाडच्या भिंतीचा आजार हाच होता. तेथे पुराचे पाणी एकदाच आले. पण ते आत कोंडून ठेवले सिमेंटने.

संत फ्रान्सिस ऑफ असिसी यांच्या चर्चमध्ये काकाही आत आले. ते संत कोण, हे काकींनी त्यांना सांगितल्यावर ते आले. तेराव्या शतकाच्या आरंभीचे हे इटालियन संत श्रीमंत कापडव्यापाऱ्याचे चिरंजीव. त्यांनी वडिलांची संपत्ती सोडली, अपरिग्रहाचे जीवन पत्करले आणि पशुपक्ष्यांनाही भाऊ-बहीण म्हटले, अशी त्यांची ख्याती आहे. काकी म्हणाल्या, “कापडाची पेढी सोडून निघालेला माणूस आहे. त्याच्याकडे तरी या.” आजची इमारत १६६१ ची, परंतु काळ्या दगडाचे प्रवेशद्वार त्याआधीच्या, सोळाव्या शतकातील चर्चचे आहे. नवी इमारत बांधताना जुने दार तिच्यात बसवून घेतले गेले. आतल्या भिंतींवर आणि कमानींवर फुलापानांची रंगीत वेलबुट्टी आहे. रचना ख्रिस्ती असली तरी ती फुले आणि त्यांचे रंग येथील चित्रकाराच्या ओळखीचे वाटतात. सूनबाईने ती पाहून छापील सुती कापडावरच्या बुट्ट्यांची आठवण काढली, आणि कापडाच्या दुकानातल्या कोणालाही तेच आठवले असते.

दुपारनंतर मंडळी टेकडीवरील संत ऑगस्टिनच्या अवशेषांकडे गेली. सतराव्या शतकाच्या आरंभी हे गोव्यातील भव्य चर्चांपैकी एक होते. १८३४ नंतर पोर्तुगालने धार्मिक संघ बंद केले, मठ ओस पडला आणि देखभाल थांबली. १८४२ मध्ये छताची कमान कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आज सुमारे ४६ मीटर उंचीचा जांभ्याचा अर्धा मनोरा आकाशात उभा आहे आणि त्याच्या पायाशी उघड्या भिंती, समाधीशिला आणि रंगीत फरशांचे तुकडे दिसतात. ज्यांनी बांधले त्यांच्या हातून हे पडले नाही. ज्यांनी सोडून दिले त्यांच्या हातून पडले. जुन्या वास्तूचे भांडवल मोठे असते, पण दर वर्षीचा घसारा भरून काढण्याची तरतूद नसेल तर ते भांडवलच खर्ची पडते, हे तत्त्व हिशेबनिसाला नवे नाही. येथे ते लाल दगडात दिसते एवढेच.

त्या अवशेषांत डागडुजीच्या कामावर एक वयस्क गवंडी होता. काकांनी त्याच्याशी बोलणे सुरू केले. चुना कोणता वापरता, असे त्यांनी विचारले. पूर्वी गोव्यात शिंपल्यांचा चुना जाळत, असे गवंडी म्हणाला. काका क्षणभर थबकले. हिंसेचा विचार मनात आला हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. गवंड्याने ते ओळखले असावे. तो म्हणाला, “दगडाचाही चुना मिळतो, शेठ. नीट विरवलेला असला तर तोही तसाच चालतो. घाई मात्र करायची नाही. टाकीत पाण्याखाली जितका मुरेल तितका चांगला.” मग हिरड्याचे पाणी, गुळाचे पाणी, वाळूचे प्रमाण, एकावर एक पातळ थर आणि प्रत्येक थराला सुकायला द्यायचा वेळ, यांवर दोघांचे बोलणे अर्धा तास चालले. मुलगा सुरुवातीस लांब उभा होता. थोड्या वेळाने त्याने भ्रमणध्वनी काढून प्रमाणे टिपून घेतली.

लग्नानंतरच्या सकाळी मंडळी कवळ्याच्या शांतादुर्गेस गेली. आजचे देऊळ अठराव्या शतकातील, छत्रपती शाहू महाराजांच्या काळात १७३८ च्या सुमारास बांधले गेलेले. शाहू महाराजांचा जन्म माणगावजवळच्या गांगवलीचा, त्यामुळे महाडकरांना तो आपल्याच मुलुखाचा धागा वाटला. देवळाच्या प्रांगणात येताच काका थांबले. गाभाऱ्यावर अष्टकोनी बुरुजासारखी बांधणी आणि तिच्यावर घुमट. भिंतींत अर्धगोल कमानींच्या खिडक्या. कमानींच्या दोन्ही अंगांना भिंतीत अर्धे रुतलेले स्तंभ. आत रंगीत काचा आणि छताला लोंबणारी काचेची झुंबरे.

“हे तर परवा पाहिलं!” काका म्हणाले.

खरोखरच ते परवा पाहिलेले होते. ज्या भक्तांच्या पूर्वजांना देव खांद्यावर घेऊन नदी ओलांडावी लागली, त्यांच्याच वंशजांनी नवे देऊळ बांधताना घुमट आणि कमानी त्या चर्चांच्याच धर्तीवर घेतल्या. दोन शतकांत गोव्याच्या गवंड्याला ती बांधणी इतकी अंगवळणी पडली होती की ती आता पोर्तुगीजांची राहिली नव्हती. ती त्याची झाली होती. चर्चमध्ये आपल्या वेली गेल्या आणि देवळात त्यांच्या कमानी आल्या. अन्यायाची नोंद त्यामुळे पुसली गेली नाही, आणि पुसली जाऊही नये. पण अन्याय झाला म्हणून चांगली कमान टाकून द्यावी, असे त्या भक्तांना वाटले नाही. मंगेशीचा उंच दीपस्तंभ पाहताना किंवा तळावलीच्या संत आनाच्या चर्चचे जुळे मनोरे पाहताना हीच गोष्ट पुन्हा ध्यानात येते. एका मुलुखातील दोन धर्मांच्या वास्तू एकमेकींकडे पाठ करून उभ्या असल्या, तरी त्यांचा गवंडी बहुधा एकाच गावचा असतो.

परतीच्या प्रवासात काका फारसे बोलले नाहीत. खेड मागे पडल्यावर त्यांनी मुलाकडे वळून विचारले, “सिमेंट खरवडायला किती दिवस लागतील?” मुलाने महिना सांगितला. “मग खरवड. पण उघडं टाकू नकोस. आणि पाडायचं तर आता नाहीच.” मुलाने दर्शनी भिंतीचा तरी एक चौकोन उघडा ठेवावा, असा आग्रह धरला. काकांनी आपला तळवा पुढे केला. तो केव्हाच धुऊन स्वच्छ झाला होता. पण मुलाला काय म्हणायचे आहे ते कळले. अखेर ठरले ते असे की आतल्या बाजूस, जेथे पाऊस पोहोचत नाही अशा गल्ल्यामागच्या भिंतीत, हातभर चौकोन उघडा ठेवावा. ग्राहकालाही दिसेल आणि दगडालाही त्रास नाही.

हिस्स्याचा प्रश्न कोणी काढला नाही. पोलादपुरास काकांना उतरवताना बाबूजींनीच तो काढला. ते म्हणाले की दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा होईल, दस्तावर दोघांची नावे आहेत तशीच राहतील, आणि काकांना ज्या दिवशी हिस्सा वेगळा हवा असेल त्या दिवशी बाजारभावाने तो द्यायला आपण बांधील आहोत. तसे कागदावर लिहून देतो. काकांनी मान हलवली, हो किंवा नाही काहीच न म्हणता. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या वाट्याच्या पहिल्या हप्त्याचा धनादेश पाठवला. कागद लिहून मागितला नाही.

माघात महाडच्या मागच्या अंगणात विटांची टाकी बांधून कळीचा चुना विरवायला घातला. चुन्यात पाणी पडले तेव्हा टाकीतून वाफेचे लोट उठले आणि शेजारच्या दुकानांतली मंडळी पाहायला आली. महिनाभर तो पाण्याखाली मुरला. सिमेंटचे पापुद्रे निघाले तेव्हा आतला चिरा काळपट ओला होता. त्याला वाळण्यासाठी संपूर्ण फाल्गुन द्यावा लागला. चुन्याचे काम जाणणारा गवंडी महाडमध्ये सहज मिळाला नाही. तो खाली रत्नागिरीकडून आणावा लागला आणि त्याची मजुरी सिमेंटच्या कामाच्या दुपटीहून अधिक पडली. मुलाने हा खर्च घसारा म्हणून न दाखवता दर पाच वर्षांच्या देखभालीच्या स्वतंत्र खात्यावर लिहायला घेतला, आणि त्या खात्यात दर दिवाळीच्या वहीपूजनाला ठरावीक रक्कम वर्ग करायची असे ठरले. दुकानाचा माल यापुढे पावसाळ्याचे चार महिने वरच्या मजल्यावर राहील, हेही त्याच वेळी ठरले, कारण चुना भिंतीला सांभाळेल. सावित्रीला थांबवणे त्याचे काम नव्हे.

चैत्राच्या अखेरीस शेवटचा पातळ थर चढला आणि घासून गुळगुळीत झाला. भिंत पांढरीशुभ्र नाही, किंचित पिवळसर आहे, आणि हात ठेवला तर उन्हाळ्यातही गार लागते. पुढच्या पावसाळ्यात ओलीची रेषा वर सरकली नाही. काका दर गुरुवारी पोलादपूरहून महाडला येतात, दुकानात शिरण्याआधी बाहेरच्या भिंतीवरून हात फिरवतात, तळवा पाहतात आणि मगच गादीवर येऊन बसतात.